दुपारी दोनलाच बंद पडणारा कॉम्प्युटर

"दादा, सकाळी एकदम बरोबर चालतंय. दुपारचे दोन वाजले की आपोआप बंद पडायलंय बघा."

मे महिन्यात हे वाक्य मी रोज एकदा तरी ऐकतो. परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. परवा हीच तक्रार घेऊन आलेल्या ताई एक सेवा केंद्र चालवतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की त्यांच्याकडे उत्पन्नाच्या आणि रहिवासी दाखल्यांसाठी रांग लागते, आणि नेमकं रांग असतानाच मशीन मान टाकतं. स्कुटीवर पायापाशी कॉम्प्युटरचा डबा ठेवून त्या भर उन्हात आल्या. मी तो टेबलावर घेतला, बाजूचं झाकण काढलं, चालू केला. तासभर काहीच झालं नाही. ताई वैतागल्या. "इथं आणलं की गुणी लेकरासारखं वागायलंय!" दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन. परत बंद.

तोवर त्यांना कुणी विंडोज नवीन टाका म्हणालं होतं, कुणी रॅम बदला, तर एकाने थेट मदरबोर्डच गेला म्हणून सांगितलं होतं. दोष त्यातल्या कशातच नव्हता. टीव्हीवर उष्णतेच्या लाटेची बातमी आली की आपण डोक्याला रुमाल बांधतो, सोबत पाण्याची बाटली घेतो. टेबलाखालचा तो डबाही त्याच हवेत दिवस काढतोय, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

आधी नावं सरळ करू

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. तो डबा म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, बसवलेली बिस्किटापेक्षा लहान चकती. तिच्यावर धातूच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्याला जोडलेला पंखा आणि हीटसिंक मिळून झाला प्रोसेसरचा कूलर. घरात वाळ्याच्या ताट्या लावलेला जो कूलर असतो त्याचा याच्याशी नावापलीकडे काही संबंध नाही. मात्र या एका नावामुळे लोकांचा बराच गोंधळ होतो. त्याकडे पुढे येतोच.

एवढी धग येते कुठून

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी, नव्या चिपमध्ये तर अब्जावधी, सूक्ष्म बटणं असतात. ३.६ गिगाहर्ट्झ असं खोक्यावर छापलेलं असतं, त्याचा अर्थ सेकंदाला ३६० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला यातली कितीतरी बटणं उघडझाप करतात, आणि प्रत्येक उघडझापीला किंचित वीज लागते. ती वीज कुठे जाते? गिरणीत वीज घातली तर निदान पीठ निघतं, मोटारीने विहिरीतलं पाणी वर येतं. प्रोसेसर काहीच हलवत नाही, उचलत नाही. त्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर येते. हिशेब करणारी शेगडी म्हटलं तरी चालेल.

ही शेगडी किती कडक आहे हे कळायला इस्त्री घ्या. घरातली इस्त्री साधारण १००० वॅटची आणि तिचा तळ दीड-दोनशे चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट आले. ऑफिसातल्या साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ६५ वॅटचा धरू. वरून तो मोठा दिसला तरी आतली खरी चिप अंगठ्याच्या नखाएवढीच असते, सव्वा-दीड चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर चाळीस-पन्नास वॅट येतात. इस्त्रीच्या तळाच्या आठ-दहापट धग त्या नखाएवढ्या जागेत असते. इस्त्रीला तापणं हेच काम आहे. प्रोसेसरवरची ही धग मात्र क्षणाक्षणाला कुणीतरी उपसत राहावी लागते.

१९७१ साली आलेल्या इंटेल कंपनीच्या ४००४ या प्रोसेसर चिपमध्ये अशी २३०० बटणं होती. तिच्या डोक्यावर कूलर नव्हता, लागतही नव्हता. नव्वदच्या दशकात पेंटियमच्या काळापासून प्रोसेसरवर पंखा दिसायला लागला तो कायमचाच.

मशीन बंद पडतं, कारण ते शहाणं आहे

प्रोसेसरच्या पोटातच तापमान मोजणारे सेन्सर असतात. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना १०० अंश सेल्सिअस ही वरची हद्द असते, एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरना साधारण ९० ते ९५. हद्द जवळ आली की प्रोसेसर स्वतःच ठोके कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. उन्हात पोतं घेऊन चढ चढणारा माणूस पाऊल हळू टाकतो, तसंच. वेगासोबत तो व्होल्टेजही उतरवतो, त्यामुळे वेग जेवढा कमी होतो त्याहून जास्त प्रमाणात धग उतरते. तरीही पारा चढतच राहिला तर शेवटचा उपाय म्हणून मशीन फाटकन बंद होतं. 'सेव्ह करू का' वगैरे विचारत बसत नाही.

या दोन पायऱ्यांमधली पहिली कुणाच्या लक्षातच येत नाही. मशीन बंद पडायच्या आधी कित्येक दिवस दुपारचं हळू झालेलं असतं. पान उघडायला वेळ लागतो, पीडीएफ अडकते. समोरच्या माणसाला आपण सांगतो, "सर्व्हर स्लो आहे, बसा जरा." सर्व्हर स्लो असतोही, पण दरवेळी नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दुपारी बंद पडणारं प्रत्येक मशीन प्रोसेसरमुळेच बंद पडतं असं नाही. वीजपुरवठा करणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, जुना झाला की तोही उन्हाळ्यात दगा देतो. म्हणून आधी तापमान बघायचं आणि मगच निदान करायचं.

प्रोसेसरचा कूलर गार करत नाही

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. घरातला कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. फ्रिज आणि एसी गॅस दाबून-सोडून गारवा तयार करतात. प्रोसेसरचा कूलर यातलं काहीच करत नाही. तो फक्त हमाल आहे. चिपवरची उष्णता उचलतो आणि खोलीतल्या हवेत नेऊन टाकतो. त्यामुळे तो कितीही भारी असला तरी प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. हवेपेक्षा किती वर राहायचं, एवढंच त्याच्या हातात.

आकड्यात बघू. समजा, एखादा साधा कूलर ६५ वॅटच्या प्रोसेसरला हवेपेक्षा ३५ अंश वर ठेवतो. जानेवारीत खोलीत २२ अंश असतील तर प्रोसेसर ५७ वर. उत्तम. इथे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचे आकडे पेपरात येतात, त्यात हिवाळ्यात पारा कधी पाच-सहा अंशांवर उतरलेला दिसतो आणि मे महिन्यात ४२-४३ वर चढलेला. पत्र्याच्या खोलीत तर दुपारी विचारायलाच नको. तर ४२ मध्ये ३५ मिळवा, झाले ७७. कॅबिनेट बंद कपाटात असेल तर आतली हवा खोलीपेक्षा आणखी आठ-नऊ अंश तापलेली असते, म्हणजे ८६. आता त्याच कूलरमध्ये दोन वर्षांची धूळ भरा. ३५ चे सहज ५० होतात. बेरीज गेली शंभराच्या पुढे.

दुपारी दोनचं कोडं इथेच सुटतं. धूळ हिवाळ्यातही होती, कपाटही तेच होतं, पण हवेकडून वीस अंशांची उधारी मिळत होती. मे महिन्यात ती बंद झाली. माझ्या दुकानात ते मशीन का चाललं, हेही कळलं असेल. मी झाकण काढलं होतं आणि वर पंखा चालू होता.

पुण्यातला जाणकार भाचा फोनवर सांगतो, "साध्या कूलरवर काही होत नाही, माझं बघा." त्याच्या हवेत त्याचं बरोबर आहे. आपल्याकडे तीच बेरीज काही अंश वरून सुरू होते.

उष्णता अडते कुठे

चिपपासून खोलीपर्यंत उष्णतेची वाट लहानशी आहे, पण त्यात नाके बरेच. चिपमधून धातूत, धातूतून पत्र्यांत, पत्र्यांतून पंख्याच्या हवेत, कॅबिनेटमधून खोलीत. एक नाका तुंबला की मागे सगळं साचतं.

पहिला नाका म्हणजे प्रोसेसरची पाठ आणि हीटसिंकचा तळ यांची भेट. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकल्यावर जिथे ती नीट टेकत नाही तिथे कच्ची राहते. तवाही तापलेला असतो आणि जाळही असतो, तरी मधली पातळ हवा आडवी येते. इथेही तसंच आहे. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यावर बारीक खड्डे असतात आणि त्यात हवा अडकते. तांबं उष्णता हवेच्या सुमारे १५ हजारपट सहज वाहून नेतं, म्हणजे ही हवा किती नडत असेल बघा. ते खड्डे बुजवायला जो राखाडी मलम लावतात तो थर्मल पेस्ट. सुतार लाकडाच्या भेगांत लांबी भरतो, तसंच हे काम. पेस्ट हवेच्या शंभर-दोनशेपट चांगली असते, पण तांब्याच्या मानाने फार मागे. म्हणून ती खड्डे भरण्यापुरतीच हवी. जाड थर दिला तर पेस्टच आडवी येते. काही वर्षांत ती वाळते, तिला भेगा पडतात, आणि मग हवेचं फावतं.

दुसरा नाका पत्र्यांचा. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते हे आपल्याला ठाऊक आहेच. पण मानवतकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन मी उघडलं तेव्हा जे दिसलं ते मी विसरलो नाही. पंख्याचे चार स्क्रू काढले, पंखा उचलला, तर खाली हीटसिंक दिसेचना. कापसाचे तंतू आणि धूळ मिळून पत्र्यांवर अख्खा नमदा जमला होता, राखाडी, हाताला मऊ. कडेला नख घालून ओढला तर एकसंध निघाला, गोल, मध्ये पंख्याच्या बुडाचा ठसा. पंखा बिचारा पूर्ण वेगाने फिरत होता, पण हवा खाली जातच नव्हती. त्या मशीनला त्या दिवशी एक रुपयाचाही नवा भाग लागला नाही. दुकानात देव्हारा मशीनच्या डोक्यावर असेल तर उदबत्तीची काजळीही अशीच बसते, आणि ती चिकट असते, फुंकून जात नाही.

तिसरा नाका पंखा. वंगण सुकलं की तो घरघर करतो, वेग धरत नाही. चौथा नाका खोली आणि मशीन ठेवलेली जागा. यावर पैसे खर्च करायची कुणाची तयारी नसते, पण बऱ्याचदा करावेही लागत नाहीत. कॅबिनेट कपाटातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, एवढंच.

तापमान बघायचं कसं

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात सगळे आकडे दिसतात. मशीन निवांत असताना खोलीपेक्षा दहा-वीस अंश वर आणि कामात असताना ८५ च्या आत, तर झोप लागायला हरकत नाही. सतत ९५ च्या आसपास असेल तर काम निघालं.

आकड्यापेक्षा तो आकडा चढतो कसा, हे जास्त बोलकं आहे. एखादी मोठी फाइल उघडताक्षणी पारा ४५ वरून एकदम ९० वर उडी मारत असेल, तर दोष पहिल्या नाक्यावर. पेस्ट वाळलीय किंवा कूलर नीट टेकलेला नाही. हळूहळू पंधरा-वीस मिनिटांत चढत असेल, तर धूळ, पंखा किंवा खोली. बाजूचं झाकण काढल्यावर लगेच सात-आठ अंश उतरले, तर कॅबिनेटमधली हवा बाहेर निघत नाहीये. हे पटकन कळावं म्हणून मी झाकण काढून बघतो. पण उघडं झाकण हा उपाय नव्हे. उघड्या मशीनमध्ये धूळ जाते, पाल जाते आणि उंदीरही.

टास्क मॅनेजरही एकदा उघडा. काहीच काम नसताना प्रोसेसर नव्वद टक्के व्यस्त दिसत असेल, तर मागे काहीतरी फुकट राबतंय. ते बंद करा, मग कूलरकडे बघा.

साफसफाई

मशीन बंद करून, वायर काढून, अंगणात नेऊन ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा भन्नाट फिरवायची मजा सगळ्यांनाच वाटते, त्यात बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या पत्र्यांतली धूळ जुन्या ब्रशने सैल करा. ओला फडका नको. वर्षातून एकदा, होळी झाली की, हे करायचं. जिनिंगजवळ किंवा रस्त्याच्या कडेला असाल तर दिवाळीच्या साफसफाईतही.

माझ्याकडे तापण्याच्या तक्रारीने येणाऱ्या मशीनपैकी बहुतेक सफाई आणि नवी पेस्ट एवढ्यावरच बरी होतात. ग्राहकाला हे सांगितलं की त्याला थोडं फसवल्यासारखं वाटतं. काहीतरी 'बदललं' असं ऐकायची सवय झालेली असते.

कूलर खरंच बदलायचा तेव्हा

पंखा गेला असेल, कूलर धरून ठेवणाऱ्या खुंट्या तुटल्या असतील, किंवा प्रोसेसर मोठा आणि त्यावर खोक्यात आलेला छोटा कूलर असेल, तर बदला. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तो सॉकेट. इंटेलच्या एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतच्या बोर्डांवर कूलरची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर असतात, तर बाराव्या पिढीपासूनच्या एलजीए १७०० वर ७८. फरक तीनच मिलिमीटरचा, पण जुना कूलर बसत नाही. जोर करून बसवला तर तळ तिरका टेकतो. दुसरी गोष्ट उंची. १२० मिलिमीटर पंख्याचे उभे टॉवर कूलर साधारण १५ ते १६ सेंटिमीटर उंच असतात. चपट्या कॅबिनेटचं झाकणच लागणार नाही, म्हणून आधी पट्टी लावून मोजा.

टॉवर कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. दाब कमी असल्याने ते पाणी थोड्या उष्णतेनेही वाफ होतं. वाफ वर पत्र्यांकडे जाते, तिथे उष्णता सोडून परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून चिपकडे परतते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला थेंब जमून परत भातात पडतात, तोच खेळ. ही नळी भरीव तांब्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता हलवते. दोन हजारांच्या आसपासचा असा साधा टॉवर आपल्याकडच्या ऑफिस मशीनला पुष्कळ झाला. रंगीत दिवे लागले नाही तरी चालतात.

बसवताना मी काय काय घाण केलीय

जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करा, मगच बंद करून वायर काढा. याचं कारण मी चांगलंच शिकलोय. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या खाली १३३१ बारीक पिना असतात. वाळलेल्या पेस्टने कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना चिकटलेले असतात. सुरुवातीच्या दिवसांत मी एका सकाळी गार मशीनचा कूलर सरळ वर उपटला, आणि प्रोसेसर सॉकेटमधून निघून कूलरलाच लटकत वर आला. कोपऱ्यातल्या सात-आठ पिना वाकल्या. मग दुपारभर भिंग डोळ्याला लावून, दाढीच्या पात्याने एकेक पिन सरळ करत बसलो. एक जरी मोडली असती तर प्रोसेसरचे पैसे खिशातून गेले असते. पेस्ट कोमट असताना कूलर डावी-उजवीकडे हलके पिळून सोडवायचा असतो.

इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढली की ती सुटते. बसवताना मात्र आधी बाणाच्या उलट दिशेने फिरवून घ्यायची, नाहीतर ती धरतच नाही. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एकदम दाबायच्या, खाट ओढताना नवारीचा ताण तिरका सारखा करतात तसं. प्रत्येक खुंटीचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाजावर विसंबून न राहता बोर्ड उलटा करून, चारही खुंट्यांची टोकं मागून बाहेर आलीत का बघा. तीन बसल्या आणि एक लटकत राहिली, ही मी बघितलेली सगळ्यात नेहमीची चूक.

जुनी पेस्ट मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि चष्मा पुसायच्या फडक्याने स्वच्छ पुसा. नवी मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. पसरवायची गरज नाही, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. एकदा टेकवलेला कूलर परत उचलला तर पुसून पेस्ट नव्याने लावायची. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर ते काढायचं. हसू नका. ते न काढता बसवलेले दोन कूलर माझ्याकडे आलेत, आणि त्यातला एक मीच बसवला होता.

पंख्याची वायर मदरबोर्डवर जिथे 'सीपीयू फॅन' लिहिलंय तिथेच लावा. दुसरीकडे लावली तर पंखा फिरत असूनही बरीच मशीनं सुरू होताना पंखा नसल्याची तक्रार करतात.

लोक जे विचारतात

"घरचा कूलर डब्यासमोर ठेवला तर?" आता आलो त्या गोंधळावर. हवा गार होईल हे खरं. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलरमधून निघणारी हवा दहा अंश सहज गार असते. दमट हवेने आत पाणी सुटेल ही भीती मात्र अनाठायी आहे. थेंब जमतात ते हवेपेक्षा गार वस्तूवर. लोटा घामेजतो, तापलेला तवा नाही, आणि चालू मशीन तव्याच्या बाजूचं आहे. खरी भानगड उडणाऱ्या तुषारांची. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते कूलरच्या ताट्यांवर जमलेल्या पांढऱ्या पापुद्र्यावरून कळतंच. तोच पापुद्रा मदरबोर्डवर नको. कूलर खोलीत लावा, खिडकी उघडी ठेवा, पण झोत मशीनवर सोडू नका.

"लाइट गेल्यावरच का बंद पडतं?" इन्व्हर्टरवर मशीन चालू राहतं, खोलीतला कूलर बंद होतो. हिशेब तुम्हीच करा.

"पाण्यावरचा कूलर घेऊ का, लिक्विड?" तो पाण्याने उष्णता उचलतो आणि शेवटी त्याच खोलीच्या हवेत सोडतो. ४२ च्या खोलीत तोही ४२ च्या खाली जात नाही. पंप नावाची बिघडणारी आणखी एक वस्तू मात्र वाढते. व्हिडिओ एडिटिंगचं दणदणीत मशीन असेल तर ठीक आहे. सातबारा काढायला नको.

"पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते म्हणतात." चार दिवस चालते, मग वाळून खडू होते.

"पैसे न घालता काही होईल का?" होईल. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ वर आणा. बहुतेक मशीनवर त्याने प्रोसेसरचं नेहमीच्या वेगापेक्षा जास्त धावणं, म्हणजे टर्बो, बंद होतं. दाखले आणि फॉर्म भरायच्या कामात फरक जाणवत नाही, पारा मात्र चांगला उतरतो. काही मशीनमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तिथे नाइलाज.

"लॅपटॉपचं काय?" तत्त्व तेच, जागा कमी. गादीवर ठेवला की खालची हवा बंद. पाटावर ठेवा.

ताईंच्या मशीनचं काय झालं

तिसऱ्या दिवशी मीच दुपारी दीडला त्यांच्याकडे गेलो. वर पत्रा, टेबलाच्या खाली दाराचं कपाट, कपाटात कॅबिनेट, आणि "धूळ नको म्हणून" ताईंनी दाराला आतून स्पंजची पट्टी चिकटवलेली. दार उघडल्यावर भट्टीसमोर बसल्यासारखी वाफ तोंडावर आली. स्क्रीनवर आकडा ९८. आत कूलरची एक खुंटी सुटून तिरकी झालेली, स्कुटीवरच्या प्रवासाआधीपासूनच असणार. दुकानात मी झाकण काढलं, पण पंख्याच्या वायरीमागे लपलेली ती खुंटी मला दिसली नव्हती, हे कबूल करतो.

खुंटी मोडकीच निघाली, म्हणून नवा कूलर बसवला. कपाटाचं दार बिजागरीसकट काढलं, मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. बरोबर दोन वाजता ताईंनी एकामागून एक चार फॉर्म उघडले, मागे प्रिंट सोडली. आकडा ७६ वर जाऊन तिथेच राहिला. रांगेतले एक काका मघापासून माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "झालं का? काढा मग माझा दाखला."

ताईंनी नंबर टाकला, बटण दाबलं, स्क्रीनवरचं चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आकड्याकडे. ७४.

"काका, बसा जरा," ताई म्हणाल्या, "आता खरंच सर्व्हर स्लो आहे."